सात फॉर्म

(जत इथं वस्तीतल्या वाचनालयात दहावी-बारावीच्या पोरापोरींपुढं केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय. मधले प्रश्नही ठेवलेत.)



दोस्तांनो, बहिणींनो, बोर्डावर खडूनं माझ्या नावापुढं 'कवी' लिहिलंय. पुसून टाका. कवी मी रात्री अकरानंतर असतो. दिवसभर मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या गँगमध्ये असतो. आज कविता म्हणणार नाही. आज हिशेब सांगणार आहे.

ही समोर पहिल्या रांगेत बसलीय ती माझी धाकटी बहीण. बारावी सायन्सला आहे. काल रात्री गाडीतून उतरलो, आयनं भाकरी वाढली, आणि हिनं ताटाशेजारी एक कागद ठेवला. त्यावर नावं: जेईई, नीट, सीईटी पीसीएम, सीईटी पीसीबी, सीयूईटी, एनडीए, आणि बीबीए-बीसीएची सीईटी. सात. म्हणाली, "दादा, जेवढ्या जास्त देऊ तेवढे चान्स जास्त. सर म्हणले." मी भाकरी तशीच ठेवली. कारण असाच कागद मी २०१८ साली लिहिला होता. माझ्या कागदावर पाच होत्या.

आधी माझं ऐका. रडगाणं नाही, जमाखर्च आहे.

दहावीला मला ७८ टक्के पडले. वस्तीत पेढे वाटले. आय-बाप ऊसतोडीला जाणारी माणसं; मुकादमाची उचल घ्यायची आणि दिवाळी झाली की कोयता घेऊन निघायचं. त्या साली बापानं नेहमीपेक्षा जास्त उचल घेतली, अन् मला एका क्लासला घातलं. क्लासचं नाव सांगत नाही, असे गल्लोगल्ली आहेत. कॉलेजात नुसतं नाव, हजेरी कागदावर, आणि सकाळी सातपासून क्लास. त्या क्लासात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी. इंग्रजी नाही. का नाही? कारण इंग्रजी जेईई, नीट, सीईटीला नाही. मीही म्हटलं, बरंच झालं.

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला. मग एप्रिल-मेच्या एका महिन्याच्या आत चार एंट्रन्स. जेईईला पुणे. एनडीएची फी आपल्याला माफ असते, पण सेंटर मुंबईला, आणि एसटीला कुणी माफी देत नाही. नीटला कोल्हापूर. सीईटीला सांगली, म्हणजे इथनं ऐंशी-नव्वद किलोमीटर. आदल्या दिवशी जाऊन एसटी स्टँडवर झोपलो. पाचवी एका खाजगी विद्यापीठाची होती, फी सगळ्यात जास्त त्यांचीच. फॉर्म, फोटो, सायबर कॅफेवाल्याचे पन्नास-पन्नास, गाडीभाडं, वडापाव, सगळं मी वहीत लिहिलेलं. ६,८०० रुपये. आयनं एक माडग्याळी मेंढी पाळली होती, पोपटाच्या चोचीसारख्या नाकाची, जिला बाजारात भाव असतो. ती गेली.

सीईटीला मला २०० पैकी १०४ पडले. वाईट नव्हते. आपल्या कोट्यात बऱ्यापैकी कॉलेज लागलं असतं. मग बोर्डाचा निकाल लागला. इंग्रजी २९. नापास.

१०४ घेऊन मी त्या क्लासच्या ऑफिसात गेलो. तिथला माणूस म्हणाला, "बारावी पास नाही तर सीईटीचं काय लोणचं घालणार?" खरंच बोलला की. फक्त हे दोन वर्षं आधी बोलायला पाहिजे होतं, पैसे घेताना. जुलैच्या पुरवणी परीक्षेची फी भरली होती. पण बापाच्या कंबरेनं दगा दिला, उचल फिटायची होती, आणि जुलैत मी मुंबईला होतो. पाच एंट्रन्स दिलेला माणूस आज मॅट्रिक आहे. दहावी पास.

आता मुद्द्याचं. जास्त परीक्षा दिल्या की प्रवेश सोपा होतो का?

गोदीत जहाजातनं माल उतरतो त्यावर मार्का असतो. टॅली क्लार्क मार्का बघतो, ज्याचा माल त्याच्या शेडला जातो. या शेडची गोणी त्या शेडला नेऊन टाकली तर तिथं कुणी मोजत नाही. हमाली बुडाली, माल पडून राहिला. परीक्षेच्या मार्कांचं असंच आहे. प्रत्येक मार्कावर शेडचा शिक्का असतो, आणि दोन शेडची बेरीज कुणीच करत नाही.

डॉक्टर व्हायचं तर नीट. फक्त नीट. २०१६ पासून हे पक्कं झालंय. बारावीचे मार्क तिथं पात्रतेपुरते. महाराष्ट्रात इंजिनिअर व्हायचं तर एमएचटी-सीईटी. १५ टक्के ऑल इंडियाच्या जागा जेईईच्या मार्कांवर भरतात, पण बाकी सगळा बाजार सीईटीच्या पर्सेंटाइलवर. बारावीला तिथं पीसीएममध्ये आपल्याला ४० टक्के, ओपनला ४५, एवढंच लागतं. पण पास लागतंच. एनआयटी-आयआयटीत जायचं असेल तर जेईई, आणि वर बारावीला ६५ टक्के, ओपनला ७५, नाहीतर बोर्डातल्या वरच्या वीस टक्क्यांत नाव. फार्मसीला सीईटी. दिल्ली, हैदराबादसारख्या केंद्रीय विद्यापीठात बीए-बीएस्सी करायची तर सीयूईटी, ही २०२२ पासून आली. बीबीए-बीसीएला २०२४ पासून वेगळी सीईटी. आणि आपल्या राजे रामराव महाविद्यालयात, किंवा शिवाजी विद्यापीठाच्या कुठल्याही साध्या कॉलेजात, बीए, बीकॉम, बीएस्सी करायची तर काहीच नाही. बारावीची मार्कलिस्ट घेऊन जायचं. पॉलिटेक्निक अन् आयटीआयला तर दहावीचीच.

नीटच्या फॉर्मवर तुम्ही जेईई दिली का, असा रकाना नसतो. सात दिल्या म्हणून सातवा दरवाजा "शाब्बास" म्हणत नाही. त्याला माहितीच नसतं.

(एक पोरगा: पण सीयूईटीत जास्त विषय घेतले तर?)

बरोबर विचारलंस. तिथं हीच गंमत झाली. एका काळी त्या परीक्षेत दहा विषयांपर्यंत देता यायचे. पोरांनी दिले. मग २०२४ ला सहावर आणलं, २०२५ ला पाचवर. कारण दिल्ली विद्यापीठ बीए ऑनर्सला मोजतं एक भाषा आणि तीन विषय. बाकीचे विषय तू कितीही चांगले दे, त्या कोर्सच्या यादीत नसतील तर त्या कागदाचा बंबाला जाळायला उपयोग. म्हणून आधी कोर्स काढायचा, त्याला कुठले विषय लागतात ते बघायचं, अन् तेवढेच भरायचे. उलटं नाही करायचं.

मार्क खरोखर वाढवणाऱ्या जास्तीच्या परीक्षा आपल्याकडं एकाच ठिकाणी आहेत, ते दहावीला. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, खेळ, लोककला यांचे वाढीव मार्क बोर्डाच्या मार्कांत मिळतात. इथं बेरीज होते. ज्यांच्या शाळेत आहे त्यांनी जरूर द्या. पण आमच्या हायस्कुलात चित्रकलेचा मास्तरच नव्हता. पी.टी.चे सर चित्रकलेचा तास घेत, म्हणजे आम्हाला ग्राउंडवर सोडत. तर ते मार्क माझ्या वर्गात कुणालाच मिळाले नाहीत. आमच्यात चित्रं काढणारे कमी नव्हते, जयंतीला भिंतीवर बाबासाहेब आम्हीच काढतो.

मुंबईचे जे दोस्त अंकात हे वाचतील त्यांच्यासाठी सांगतो: जत म्हणजे सांगली जिल्हा म्हटलं की तुम्हाला दिसतो तो कृष्णाकाठचा ऊस नव्हे. हा पूर्वेचा दुष्काळी तालुका. तिकडं उमदी, संखच्या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. पोरं कन्नडमध्ये शिकतात, मग मराठी हायस्कुलात येतात, मग अकरावी सायन्स इंग्रजीतनं. तीन भाषांचे तीन डोंगर. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी इथल्या चाळीस गावांची गोष्ट काढली आणि दोन्हीकडचे पुढारी टीव्हीवर तुटून पडले. गावांवर हक्क सांगायला दोन राज्यं. त्याच गावांतल्या पोराला नीटचा पेपर मराठीत किंवा कन्नडमध्ये मागता येतो, हे सांगायला एक माणूस नाही. सीईटीलाही फिजिक्स, केमिस्ट्री मराठीत घेता येतं. गणित मात्र इंग्रजीतच.

हा रोग आपल्याच देशात आहे असं नाही. अमेरिकेत हायस्कूलच्या पोरांसाठी 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाच्या परीक्षा असतात. कॉलेज बोर्ड नावाची संस्था १९५५ पासून घेते. शाळेतच कॉलेजच्या तोडीचा विषय शिकायचा, परीक्षा द्यायची, १ ते ५ मार्क. चांगल्या कॉलेजात जायचं म्हणून तिथली शेठजींची पोरं असल्या परीक्षा दहा-दहा, बारा-बारा देतात. प्रवेश देणारेही बघतात की पोरानं अवघड विषय घेतले का. मग १९९९ ला कॅलिफोर्नियात कोर्टात केस झाली. इंगलवूडच्या शाळेतली, काळ्या अन् लॅटिनो वस्तीतली पोरं म्हणाली, आमच्या शाळेत असले विषय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि थोड्याच अंतरावरच्या बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत डझनावर. आम्ही देणार कुठनं? म्हणजे कॉलेजचा साहेब पोराच्या परीक्षा मोजतो असं वाटतं, पण मोजला जातो शाळेचा पैसा. इंगलवूडच्या पोरांना चित्रकलेचा मास्तर नव्हता म्हणा की. ज्या लोकांवरनं आपल्या चळवळीनं १९७२ ला पँथर हे नाव उचललं त्यांच्याच नातवंडांची ही गोष्ट.

(एक पोरगी: मग एकच परीक्षा पुन्हा पुन्हा दिली तर?)

हां. हे जास्त कामाचं. सात वेगळ्या देण्यापेक्षा एकच दोनदा दिलेली बरी. जेईई मेन २०१९ पासून वर्षातनं दोनदा होते, चांगला निकाल धरतात. सीईटीही २०२६ पासून दोनदा घ्यायचं ठरलं. पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर हात थरथरतो, दुसऱ्यांदा कमी थरथरतो. पण इथंही खिसा येतोच. एक वर्ष घरी बसून नीट परत द्यायची याला गॅप म्हणतात. गॅप कुणाला परवडते? तमिळनाडू सरकारनं न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली होती, तिचा अहवाल २०२१ ला आला. तिथं एमबीबीएसला लागलेल्या पोरांत परत बसलेली पोरं २०१६-१७ ला साडेबारा टक्क्यांच्या आसपास होती. नीट आल्यावर २०२०-२१ ला एकाहत्तर टक्के. बघा, आकडा काय बोलतो. ज्याचा बाप आणखी एक वर्ष खोलीभाडं अन् क्लासची फी भरू शकतो, तो हुशार ठरला.

त्याच तमिळनाडूत अरियलूर जिल्ह्यातल्या कुळुमूर गावची अनिता. आपल्याच समाजाची. बाप त्रिचीच्या बाजारात हमाल. मी गोण्या उचलतो, तोही गोण्याच उचलायचा. पोरीला बारावीला १२०० पैकी ११७६. तिथं तोवर बारावीच्या मार्कांवर मेडिकल मिळायचं. मधेच नियम बदलला, २०१७ ला नीट आली. नीटमध्ये ७२० पैकी ८६. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १ सप्टेंबर २०१७ ला तिनं जीव दिला.

हे सांगताना मला बरं वाटत नाही, आणि तुम्ही असे गप्प झालात तेही बरं वाटत नाही. एक ऐकून ठेवा: तिला इंजिनिअरिंगचा दरवाजा उघडा होता, तरी ती एका दरवाज्यापुढं मोडून पडली. चूक तिची नव्हती. पण तुमच्यापैकी कुणाच्या मनात तसलं काही आलं तर आधी माझ्याकडं यायचं. रात्री दोनला फोन केला तरी उचलीन, पाळीवर असलो तरी. बारावी नापास माणूस समोर उभा आहे, जिवंत आहे, शिव्या देतोय, कविता लिहितोय. मार्क मागाहून बघू.

आणि बाबासाहेब. दरवर्षी १४ एप्रिलला आपण त्यांच्या डिग्र्यांची माळ म्हणतो. ती माळ पाठ झाली की पोरांना वाटतं, जेवढ्या परीक्षा तेवढा माणूस मोठा. बाबासाहेब १९०७ ला एल्फिन्स्टन हायस्कुलातनं मॅट्रिक झाले तेव्हा मार्क होते ७५० पैकी २८२. शंभरात अडतीसच्या आत. आजच्या क्लासवाल्यानं त्यांना डेमो लेक्चरलाही बसू दिलं नसतं. तेव्हा मॅट्रिक हीच विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती, एकच. ती पास झाले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. पुढं पैसे संपले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी त्यांना घेऊन सयाजीराव गायकवाडांकडं गेले, महिना २५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली. आणखी एक परीक्षा देऊन नव्हे. एक जाणता माणूस सोबत गेला म्हणून.

आपल्याकडं केळुसकर कमी पडतात. सातवी परीक्षा सांगणारे सर पुष्कळ. तहसीलला सोबत येणारा कुणी नाही.

म्हणून आता कागदांचं बोलतो. हे रटाळ वाटेल, पण माझ्या गल्लीतली दोन पोरं सीईटीत चांगले मार्क पडूनही जात वैधतेपायी लटकली. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी. बारावी सायन्सला असतानाच कॉलेजातनं अर्ज करायचा, जिल्ह्याच्या समितीकडं. निकाल लागल्यावर नाही. अनुसूचित जातीला पुरावा मागतात १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. शाळा सोडल्याचा दाखला चालतो. आता सांगा, माझ्या पणज्याला ज्या शाळेच्या ओट्यावर बसू दिलं नाही त्या शाळेचा दाखला मी कुठनं आणू? जत तर १९४८ पर्यंत डफळ्यांचं संस्थान. मग काय करायचं? गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदीत, कोतवाल बुकात, बघायचं. तिथं आपली माणसं जातीसकट सापडतात. जन्माला आला, मेला, एवढं लिहून घ्यायला कुणाची हरकत नव्हती. बऱ्याच नोंदी मोडीत असतात, मोडी वाचणारा शोधावा लागतो. याला वेळ जातो. एका एंट्रन्सच्या अभ्यासाइतका जातो. मुदतवाढ मिळेल या भरवशावर बसू नका.

दुसरं, शिष्यवृत्ती. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात असताना १९४४ ला अनुसूचित जातींसाठी जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती आजही आहे, महाडीबीटीवर फॉर्म असतो. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, जेवणाखोलीचे पैसे खात्यावर येतात, उशिरा येतात पण येतात. तिलाही बारावीचे टक्के बघतात. परत बारावी. सगळीकडनं फिरून गाडी बारावीवर येते, आणि आपण तिलाच सावत्र पोर करतो.

(बहीण: दादा, मग मी किती भरू?)

तू काय होणार ते आधी सांग.

(बहीण: नर्सिंग न्हाईतर फार्मसी. डॉक्टर झाले तर बरंच.)

बघा. हिला गणित नकोय, आणि यादीत जेईई आहे, एनडीए आहे, बीसीए आहे. ही यादी हिची नाहीच. ही यादी त्या सरांची आहे. फार्मसीला सीईटी पीसीबी. डॉक्टरकीला नीट, आणि नीट दिलीस तर कोण किती पाण्यात आहे तेही कळेल. २०२४ ला तेवीस लाखांवर पोरं बसली होती, एमबीबीएसच्या जागा देशात लाखाच्या थोड्या वर. नर्सिंगची सीईटी वेगळी असते. ती तुझ्या कागदावर नाहीच! सात लिहिल्या आणि जी पाहिजे तीच विसरली. खोड त्या चार-पाच. ही घाल. तीन झाल्या. त्यातली नीट अन् पीसीबी सीईटी जवळजवळ एकाच अभ्यासावर निघते. राहिलेले पैसे आयकडं दे, आणि आजच्या आज इंग्रजीचं पुस्तक काढ.

हसू नका. इंग्रजीनं मला गोदीत पाठवलंय.

(मागून एक म्हातारे काका: पोरा, तू परत का न्हाई बसत?)

काका, बसतोय. सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, बारावी आर्ट्सचा, बाहेरून. सगळे विषय नव्यानं. मुकादमाला सांगितलंय फेब्रुवारीत रजा लागणार. तो म्हणाला, "कविता लिवून पोट भरंना का?" यंदा मी एकच परीक्षा देणार आहे.

आता पुरे. मिरजेहून माझी रात्रीची गाडी आहे, उद्या दुपारची पाळी. ज्यांच्याकडं जातीचा दाखला नाही ते इकडं डावीकडं या, नावं लिहून घेऊ. कोतवाल बुक बघायला सोमवारी कोण-कोण तहसीलला जाणार तेही आत्ताच ठरवू.